कट्ट्याने न घेतलेलं आडनाव

९ जानेवारी

गाणं म्हणावंच लागलं! सगळा फुटबॉल संघ जेवायला बसलेला आणि मला खुर्चीवर उभं केलं. नवा आला की त्याने म्हणायचं, सुटका नाही. मला काहीच पाठ नाही. शेवटी आमच्या यॅकिमात रेडिओवर सफरचंदांची जाहिरात लागायची, ती म्हटली. दोनदा. पोरांनी चमच्यांनी टेबल फोडायचं तेवढं बाकी ठेवलं.

"आवाज बेडकाचा आहे," हेनिंग म्हणाला. "पण बेडूक उड्या चांगल्या मारतो. बस, जेव."

हेनिंग म्हणजे कप्तान. चौतीस वर्षांचा, बचावात मधोमध उभा असतो, नाक मोडून वाकडं झालेलं. इंग्रजी बोलतो, पण दगड फोडल्यासारखं.

लिहितोय, कारण दुसरं बोलायला कुणी नाही. शाळेत असताना एक पान कधी धड भरलं नव्हतं. सोळाव्या वर्षी सोडलीच ती.

१० जानेवारी

पहिली चूक. सकाळी कपडे बदलायच्या खोलीत शिरलो आणि दारातूनच सगळ्यांना हात हलवला. एकदम शांतता.

"आम्ही काय विमान आहोत का, लांबून हात हलवायला?" हेनिंग.

इथे खोलीत आलं की एकूण एक माणसाशी हात मिळवायचा. मालिश करणाऱ्यापासून तिसऱ्या गोलरक्षकापर्यंत. रोज! मग फिरलो सगळ्यांपाशी, लग्नात फिरावं तसा.

नाव मात्र कुणी घेत नाही. अमेरिकन माणसाला इथे जर्मनीत ‘अमी’ म्हणतात. अमी इकडे ये, अमी बूट उचल. डेल्विन मेब्री म्हणून कुणी होता हे मलाच विसरायला होईल.

१३ जानेवारी

आज रविवार. नुसतं बसवेना, म्हणून गॅरेजच्या भिंतीवर बॉल मारत होतो. वरची खिडकी उघडली.

"हेर मेब्री!"

फ्राऊ पोलाक, म्हणजे पोलाकबाई, घरमालकीण. ‘हेर’ म्हणजे इथलं ‘श्रीयुत’. बटणांच्या कारखान्यात होत्या, आता निवृत्त. मी त्यांच्या खालच्या खोलीत राहतो.

"हेर मेब्री, त्या बॉलने आपलं काय वाकडं केलंय, की त्याला रविवारीसुद्धा सुट्टी नाही?"

रविवारी आवाज करायचा नाही. बाटल्या टाकायच्या नाहीत, खिळा ठोकायचा नाही. मी माफी मागितली. थोड्या वेळाने खाली येऊन मनुकांच्या केकचा तुकडा ठेवून गेल्या.

या अख्ख्या ग्राउबाखमध्ये माझं आडनाव घेणारी ही एकच बाई. आणि तेही रागावताना!

१५ जानेवारी

ट्रेनरने बोलावून नीट सांगितलं. करार जूनपर्यंत. संघ तिसऱ्या लीगमध्ये टिकला तर पुढे दोन वर्षं नक्की. नाही टिकला तर चौथी लीग. आणि चौथ्या लीगमध्ये माझ्यासारख्या युरोपबाहेरच्या खेळाडूला कामाचा परवानाच मिळत नाही. मग मी कितीही चांगला खेळलो तरी उपयोग नाही, बॅग भरायची आणि घरी.

घरी म्हणजे सफरचंदांचं शीतगृह. बाबांच्या शेजारची जागा. मुकादम म्हणालाय, जुलैपर्यंत ठेवतो.

वीस संघ. खालचे चार घसरतात. आम्ही अठरावे.

२१ जानेवारी

मैदानाकडे सहा नंबरची बस जाते. तिचा ड्रायव्हर जोखेन, दाढी छातीपर्यंत.

"अमी! बर्फ पडतंय आणि तू अर्ध्या चड्डीत? तुमच्याकडे पूर्ण चड्ड्या मिळत नाहीत का?"

त्याच्या डोक्याच्या वर पाटी लावलीये — चालकाशी बोलू नये. पण तो स्वतःच थांबत नाही. म्हणाला, "शनिवारी गोलामागे जो मोठा ढोल वाजतो ना, तो मीच. ऐक, आणि मग पळ."

२६ जानेवारी

आज घरच्या मैदानावर पहिला सामना. मी राखीव बाकावर. पण काय ऐकलं!

सामन्याआधी निवेदक माइकवर खेळाडूचा नंबर सांगतो आणि फक्त पहिलं नाव. "चार नंबर, हेनिंग..." आणि मग गोलामागचा तो सिमेंटचा कट्टा, जिथे हजारो माणसं उभी असतात, तो एका आवाजात आडनाव ओरडतो. "ब्राख्ट!" छातीत धडकतं. अकराच्या अकरा नावं. आमच्याकडे रविवारी सफरचंद तोडणाऱ्या मेक्सिकन लोकांबरोबर मी खेळायला शिकलो, तिथे बघायला दोन कुत्री आणि एक आजी असायची.

मेब्री. म्हणून पाहिलं. ओरडायला बरं आहे. दोनच झटके.

२ फेब्रुवारी

बाहेरगावी सामना. दुसऱ्या अर्ध्यात ट्रेनरने खूण केली, "मेब्री, चढव कपडे." चांगला खेळलोही, थोडा वेळ. मग आमच्याच गोलाजवळ बॉल मिळाला. सरळ लांब लाथाडायचा. पण मी गिरकी घ्यायला गेलो. रस्त्यावरची सवय! बॉल गेला. गोल. मग सगळंच गेलं. ०–३.

शिट्टी वाजली आणि मी जर्सी डोक्यावर ओढून सरळ आत पळालो. कुणाचं तोंड बघवत नव्हतं.

३ फेब्रुवारी

मोठी चूक काल बॉल घालवला ती नव्हती.

आज व्यायाम संपल्यावर हेनिंगने भिंतीपाशी गाठलं. "काल सामना संपल्यावर तू कुठे होतास?"

"आत."

"आम्ही सगळे कट्टेवाल्यांसमोर उभे होतो. आपल्या लोकांसमोर. सहा तास बसमध्ये आंबून आले होते ते. शिव्या देतात, थुंकतात, रडतात. आपण उभं राहायचं. हरलं की जास्तच उभं राहायचं. आणि तू पाठ दाखवलीस."

मी म्हटलं, आमच्याकडे हरल्यावर कुणासमोर येत नाहीत. लाज वाटते म्हणून.

"लाज वाटते म्हणूनच तर यायचं असतं, गाढवा!"

४ फेब्रुवारी

बसमध्ये चढलो. "गुड मॉर्निंग, जोखेन." त्याने समोर बघत नुसतं बोट वर केलं. पाटीकडे. चालकाशी बोलू नये.

९ फेब्रुवारी

आज सुरुवातीपासून खेळलो. माझी वेळ आली. निवेदक म्हणाला, "तेवीस नंबर, डेल्विन..."

काही नाही.

हजारो माणसं. एक खोकलाही नाही. मग पुढच्या नंबरचं नाव घेतलं आणि कट्टा फाटला.

शिट्ट्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. १–१ बरोबरी.

२३ फेब्रुवारी

पुन्हा तेच. "डेल्विन..." आणि कबरस्तान. आता आम्ही सतरावे.

२ मार्च

विस्टरहाइम आमच्याकडे खेळायला आले. त्यांच्यात ग्रेडी आहे, ओहायोचा, डावा बचाव. या लीगमध्ये आमच्यातला एखादा तरी जवळपास प्रत्येक संघात सापडतो. सामन्यात एकमेकांना कोपरं मारली, मग बाहेर कुंपणाला टेकून दोघंही घरच्यासारखं बोललो. किती दिवसांनी तोंड सैल सुटलं!

"तुझं बरं आहे," ग्रेडी म्हणाला. "आमच्या क्लबाची बससुद्धा जप्त झालीये. आज रेल्वेने आलो आम्ही. बूट मांडीवर घेऊन! समोर एक बाई बसली होती, ती म्हणे, शाळेची सहल का?"

हसून हसून पोट दुखलं. मग तो म्हणाला, "पुढच्या वर्षीचा लीगचा परवाना मिळतो की नाही, कुणास ठाऊक. आम्ही वर आहोत तक्त्यात. पण क्लबच उरला नाही तर वर असून काय?"

मी म्हटलं, होईल काहीतरी. दुसरं काय म्हणणार? जाताना त्याने त्याचे लोकरी हातमोजे दिले. "तुझी बोटं निळी पडलीयेत, वाळवंटातल्या माणसा."

यॅकिमा काही वाळवंट नाही. पण घेतले.

१६ मार्च

गोल! माझा!! डावीकडून आत शिरलो, मार खाल्ला, पडता पडता मारला. २–१ जिंकलो!

गोलानंतरही तीच रीत. निवेदक तीनदा पहिलं नाव घेतो, कट्टा तीनदा आडनाव. "डेल्विन!" शांत. "डेल्विन!" शांत. तिसऱ्यांदा बिचाऱ्याचा आवाजच बसला. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, ढोल वाजत होता, गोल सगळ्यांना हवा होता. फक्त नाव नको होतं!

सामना संपल्यावर मी सगळ्यांच्या पुढे धावत कुंपणापाशी गेलो. हात वर केले. जोखेन वर ढोलापाशी होता. त्याने वाजवणं थांबवलं आणि वाकून म्हणाला, "जिंकल्यावर तर माझी सासूही येते."

१८ मार्च

बसमध्ये मीच बोललो. पाटी गेली खड्ड्यात. "मग काय, मुद्दाम हरू का?"

जोखेनने आरशातून बघितलं. पहिल्यांदा दाढीत हसला. "हरायला तुला मुद्दाम करावं लागेल असं वाटत नाही, अमी."

मागची शाळेतली पोरं खिदळली. मीपण.

१३ एप्रिल

हरलो. ०–२. घरच्या मैदानावर.

गेलो कट्ट्यासमोर. सगळ्यांबरोबर चालत गेलो, पळालो नाही. पण पुढे उभं राहवेना. हेनिंग दाराएवढा रुंद आहे, त्याच्यामागे राहिलो. बिअरचे पेले येत होते. एक त्याच्या कानाला लागला, तो हललाही नाही.

१५ एप्रिल

"परवा तुझे केस दिसले," जोखेन म्हणाला. "हेनिंगच्या खांद्यावरून. चांगले केस आहेत."

बस. एवढंच. पण स्वतःहून बोलला!

२८ एप्रिल

बाबांचा फोन. मागे शीतगृहाचे पंखे ऐकू येत होते, म्हणजे कामावरूनच केलेला.

"पोरा, मुकादम विचारतोय."

"तीन सामने राहिलेत, बाबा."

"मी त्याला काय सांगू?"

"सांगा, पोरगा आता ओरडणाऱ्या माणसांच्या गावात राहतो."

बाबा हसले. मग म्हणाले, "तिथे तुला ओळखतात का रे लोक?"

मी हो म्हटलं. ओळखतात तर खरं.

फ्राऊ पोलाकनी पायऱ्या उतरताना ऐकलं असावं. संध्याकाळी बटाट्याचं सूप आणून दिलं. "हेर मेब्री, जो माणूस नीट जेवत नाही तो नीट पळत नाही. मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण एवढं कळतं."

११ मे

आम्ही सोळावे! शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी केली तरी टिकलो.

१७ मे

हेनिंगने सगळ्यांना घरी नेलं. अर्धं बांधलेलं घर, जिना आहे पण वरचा मजला नाही. विटांवर बसून सॉसेज खाल्ले. उद्याचं कुणी बोललं नाही. हेनिंगच्या बायकोने मला विचारलं, तुला घरची काय आठवण येते? मी म्हटलं, फुलं लागतात तेव्हा सगळ्या खोऱ्यात वास सुटतो. हेनिंग म्हणाला, "बघा, बेडूक कवी निघाला." मग निघताना माझी मान धरून म्हणाला, "उद्या बॉल लाथाड. गिरकी नको."

१८ मे

शेवटचा सामना, आमच्याच मैदानावर.

"डेल्विन..." शांत. सवय झाली होती.

पहिला गोल आमच्यावर सुरुवातीलाच. मग पेनल्टी. मग तिसरा. ०–३, आणि तिकडे मागचा संघ जिंकत असल्याचं कट्ट्याला फोनवरून कळलं. ढोल थांबला. आधी कधीच थांबला नव्हता, सामना चालू असताना.

शेवटची काही मिनिटं नुसती घालवायची होती. सगळे चालत होते. रेफरीसुद्धा. मी धावत होतो. का, मलाच माहीत नाही. उभा राहिलो असतो तर रडलो असतो, म्हणून. त्यांच्या गोलरक्षकाने आळसात बॉल पायाखाली ठेवला, मी घसरून हिसकावला आणि ढकलला. १–३. कुणी मिठी मारायला आलं नाही. निवेदकाने एकदाच, हळू आवाजात, "डेल्विन" म्हटलं, आणि पुढे म्हटलंच नाही. कट्ट्यावर कुणीतरी हसलं.

शिट्टी. आम्ही सतरावे, म्हणजे चौथी लीग. हेनिंग गुडघ्यांवर बसला. मैदानभर आमची पोरं पडली होती, कपडे वाळत घातल्यासारखी.

मी गेलो. एकटा. कुणाच्या मागे लपायला कुणी नव्हतंच. कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. हात वर नाही, खाली नाही, काय करायचं ते कळेना. एक पेला छातीवर फुटला. एक बाई ओरडली, जा परत तुझ्या देशात! जाणारच आहे, बाई. एक म्हातारा नुसता रडत होता, गळपट्टा तोंडात धरून. त्याच्याकडे बघत राहिलो. तो माझ्याकडे. मग मागून एकेक करून सगळे आले, हेनिंग शेवटी.

जोखेन कुंपणापाशी उतरून आला. जाळीतून एक बोट काढून माझ्या छातीला टोचलं, जिथे बिअर सांडली होती तिथेच.

"उशीर केलास, अमी."

पण बोट तसंच ठेवलं होतं त्याने. थोडा वेळ.

१९ मे

रविवार. फ्राऊ पोलाक खाली आल्या. म्हणाल्या, "हेर मेब्री, आज बॉल मारायचा असेल तर मारा. मी खिडकी लावून घेते."

नाही मारला.

२७ मे

तिकीट काढलं. पाच जूनचं. क्लबातले म्हणाले, तू असतास तर आवडलं असतं. असतास! मी अजून इथेच उभा होतो.

हेनिंग थांबणार, चौथ्या लीगमध्येही. घराचा वरचा मजला बांधायचाय. म्हणाला, "तो शेवटचा गोल. तेव्हा का पळालास रे?" मी खांदे उडवले. तो म्हणाला, "मी पंधरा वर्षं खेळतोय, मी उभा होतो."

वाईट वाटतंय, पण विचित्र म्हणजे हरल्यासारखं वाटत नाही. इथे कसं राहायचं ते आत्ता कुठे कळायला लागलं होतं.

४ जून

बॅग भरली. ग्रेडीचे हातमोजे वरच ठेवलेत. यॅकिमात जूनमध्ये कुठे घालणार! तरी.

५ जून

स्टेशनला जायला सहा नंबरचीच बस. फ्राऊ पोलाक सोडायला आल्या होत्या, मांडीवर पर्स आणि माझ्यासाठी पावाचा डबा. पूल ओलांडला आणि जोखेनने बस मध्येच उभी केली, थांबा नसताना. रेडिओचा आवाज वाढवला, ऐकलं, बंद केला. मग बसमधला माइक हातात घेतला.

"लोकहो! विस्टरहाइमला परवाना नाकारला! त्यांच्या जागी सतरावा संघ लीगमध्ये राहणार. सतरावा कोण? आपण! अठराव्याचे गुण आपल्याएवढेच. मग गोलांच्या फरकात आपण पुढे कितीने? एका गोलाने! एका!" त्याचा आवाज फाटला. "तेवीस नंबर, डेल्विन..."

बसमध्ये शांतता. भाजीच्या पिशव्या, एक झोपलेलं बाळ. कुणाला काही समजलं नव्हतं.

मग माझ्या शेजारून, बँकेत नंबर पुकारावा तसं, फ्राऊ पोलाक म्हणाल्या, "मेब्री."

"डेल्विन!"

"मेब्री!" आता मागची दोन पोरंही. तिसऱ्यांदा सगळी बस, बाळ उठून रडायला लागलं.

बॅग परत घरी आणली. बाबांना सांगितलं. मुकादमाला नकार कळवा, म्हटलं. फोनमधून पंखे ऐकू येत होते.

ग्रेडीला चारदा फोन लावला. उचलत नाही.

उद्या सकाळच्या रेल्वेने विस्टरहाइमला जातो. हातमोजे घेऊन.